शेजार आणि शिष्यत्व

देशाटन केल्याने माणसाच्या अंगी चातुर्य येते, अशा अर्थाची एक जुनी आर्या आपल्यापैकी बहुतेकांनी शाळकरी वयात घोकलेली असेल. वय वाढल्यावर ती पुन्हा आठवून पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. देशाटनाने चातुर्य येते एवढेच अभिवचन तीत दिलेले आहे. मन मोठे होते असे तिच्या कर्त्याने म्हटलेले नाही. हा कर्ता मोठा व्यवहारज्ञ असला पाहिजे. केंद्र सरकारच्या चाकरीत, बदल्यांच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांत बिऱ्हाडे मांडीत आणि मोडीत आमच्या आयुष्याची तीस वर्षे गेली. या काळात चतुर झालेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. नव्या गावी घर कोणत्या भागात घ्यावे, भाजी कोणत्या बाजारात स्वस्त मिळते, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, हे त्यांना आठ दिवसांत कळते. परंतु दहा प्रांतांचे पाणी पिऊनही ज्यांची मते पहिल्या बदलीच्या वेळी जशी होती तशीच निवृत्तीपर्यंत टिकली, अशांची संख्याही थोडी नव्हती.

सरकारी वसाहतीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे चित्र परिचयाचे वाटेल. एकाच जिन्यावर बंगाली, तामीळ, पंजाबी आणि मराठी अशी चार बिऱ्हाडे वर्षानुवर्षे नांदतात. दिवाळीला आपल्या घरून चकल्या जातात, संक्रांतीला पलीकडून पोंगल येतो, दुर्गापूजेला मिठाई येते. अडीअडचणीला सारे धावून येतात. आणि बदलीचा हुकूम आला, की ‘मद्रासी लोक असेच’, ‘बंगाली म्हटला की तसाच’, ही जुनी वाक्ये ट्रंकांबरोबर जशीच्या तशी पुढच्या गावी रवाना होतात. चकल्यांची देवाणघेवाण झाली. मनांची झाली नाही. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. केवळ जवळ राहण्याने माणसाच्या मनाचे दार उघडतेच असे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा विचार येथे मांडण्याचे कारण आम्ही राहतो ती वस्ती. म्हैसूरच्या वायव्येस असलेले हे गोकुलम पूर्वी शांत निवासी वस्ती म्हणून ओळखले जाई. २००२ मध्ये योगाचार्य के. पट्टाभि जोईस यांची योगशाळा लक्ष्मीपुरम भागातून येथे आली आणि जगाच्या पाठीवरील नाना देशांचे लोक या रस्त्यांवर दिसू लागले. पट्टाभि जोईस २००९ मध्ये निवर्तले. तथापि योग शिकण्यासाठी येणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. पहाटेच्या अंधारात काखेत चटई घेऊन निघालेले तरुण, शहाळेवाल्याशी मोडक्या कन्नडमध्ये घासाघीस करणाऱ्या परदेशी बाया, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या, हे आता येथील नित्याचे दृश्य झाले आहे. इतक्या देशांची माणसे जेथे रोज समोरासमोर येतात, तेथील रहिवाशांची मने आपोआप विशाल व्हावयास हवी होती, आणि येणाऱ्यांचीही. काहींची झाली, बहुतेकांची राहिली तशीच राहिली. मग ज्यांची झाली त्यांचे काय वेगळे घडले?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही म्हैसूर आणि महाराष्ट्र यांच्या जुन्या संबंधांकडे वळलो. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात हा विषय अस्थानी ठरणार नाही. कारण आपण सारेच या दोन प्रदेशांच्या सांध्यावर उभे आहोत. इतिहासाने जे उत्तर दिले ते थोडक्यात असे: शेजाराने माणूस दुसऱ्याला सहन करावयास शिकतो, ज्याच्यापुढे तो शिष्य म्हणून बसतो, त्याच्यामुळेच तो बदलतो. आता हे कसे ते पाहू.

मराठी माणसाचे पाऊल या मुलखात प्रथम पडले ते तलवार घेऊन. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे बंगळुरास आले आणि पुढे ते शहर त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. १६८७ मध्ये म्हैसूरच्या चिक्कदेवराजांनी तेच बंगळूर मोगलांकडून तीन लाख रुपयांना विकत घेतले. त्यानंतरच्या शतकात पेशव्यांच्या फौजा म्हैसूरच्या राज्यात कितीदा तरी उतरल्या. १७९२ मध्ये कॉर्नवॉलिस, निजाम आणि मराठे यांच्या एकत्रित सैन्याने श्रीरंगपट्टणास वेढा घातला. ते ठिकाण आमच्या गोकुलमपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. त्याच मोहिमेत, १७९१ साली, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांच्या पीठाची लूट हिंदुपदपातशाहीच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनी करावी आणि देवीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी साहाय्य टिपू सुलतानाने पाठवावे, असा हा विचित्र प्रसंग आहे. टिपूने या संदर्भात शृंगेरीच्या स्वामींना लिहिलेली कन्नड पत्रे १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याच्या रा. नरसिंहाचार यांच्या हाती आली, तेव्हा विद्वानांनाही आश्चर्य वाटले. हाही परस्परसंपर्कच होता. दीडशे वर्षे तो चालला. पण त्याने ना मराठ्यांची दृष्टी व्यापक झाली, ना कानडी मुलखात मराठ्यांविषयी प्रेम निर्माण झाले.

संपर्काची दुसरी तऱ्हा कारभाराची. तंजावरास व्यंकोजीराजांनी राज्य स्थापिल्यावर दक्षिणेत मराठी घराण्यांची जी वस्ती झाली, तिच्यातून पुढे मोठे मोठे प्रशासक निघाले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे याच परंपरेतील. म्हैसूरलाही या घराण्यांनी दोन दिवाण दिले. व्ही. पी. माधवराव हे १९०६ ते १९०९ या काळात दिवाण होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९०७ मध्ये, म्हैसूरचे कायदे कौन्सिल अस्तित्वात आले. त्यांच्यामागून आलेले टी. आनंदराव हे सर टी. माधवरावांचे चिरंजीव. या मंडळींची राजनिष्ठा आणि कर्तबगारी वादातीत आहे. परंतु कारभारी माणूस कितीही चांगला असला, तरी तो प्रजेकडे वरून पाहतो. आम्ही स्वतः त्याच पेशातले असल्यामुळे हे म्हणण्याचा अधिकार आम्हांला आहे. फाइलीतून माणूस दिसतो. त्याचे गाणे ऐकू येत नाही.

याच कारभारी मालिकेतील पुढचे नाव मात्र निराळे आहे. आनंदरावांनंतर, १९१२ मध्ये, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण झाले. म्हैसूर संस्थानातला हा तरुण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये विद्यार्थी म्हणून गेला होता. १८८३ मध्ये तेथील परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याने मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी धरली. नाशिक, खानदेश, पुणे असा त्याचा प्रवास झाला. खडकवासल्याच्या धरणावर त्याने स्वयंचलित दरवाजे बसविले. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्या पुण्यात उद्योग, शिक्षण आणि सार्वजनिक शिस्त यांचा जो विचार चालू होता तो त्याने विद्यार्थ्याच्या वृत्तीने आत्मसात केला. आपण आज ज्या म्हैसूरची वाखाणणी करतो त्याची बरीचशी घडण विश्वेश्वरय्यांच्या हातची आहे, आणि त्या हातांना पहिले वळण लागले ते पुण्यात. दिवाण पुष्कळ झाले. पण दुसऱ्याच्या गावी विद्यार्थी होऊन आलेल्या दिवाणाची गोष्ट वेगळी ठरली.

आता संगीताकडे वळू. चौथे कृष्णराज वाडियार १९०२ मध्ये पूर्णाधिकारी राजे झाले आणि १९४० पर्यंत त्यांनी राज्य केले. त्यांच्या दरबारात वीणा शेषण्णांसारखे कर्नाटक संगीताचे धुरंधर होतेच. शिवाय उत्तरेकडील गायकांनाही तेथे मानाचे बोलावणे असे. सुप्रसिद्ध गायिका गौहरजान यांच्या आयुष्याची अखेर १९३० मध्ये याच शहरात झाली. या दरबारात येणाऱ्यांमध्ये किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ होते. त्यांचा जन्म उत्तरेतील कैराना गावचा. पण त्यांनी मिरजेस घर केले आणि मराठी माणसाने त्यांना आपले मानले. दरबारात गाऊन बिदागी घ्यावी आणि परत जावे, एवढ्यावर खाँसाहेबांचे समाधान झाले असते तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. उत्तरेकडील गवय्ये त्या काळी दक्षिणेच्या पद्धतीकडे फारसे वळत नसत. खाँसाहेबांनी मात्र येथील संगीत कान देऊन ऐकले आणि अभ्यासिले. दक्षिणेतील गायक स्वरांची नावे घेऊन जो विस्तार करतात त्याचा संस्कार त्यांच्या सरगमेवर झाला. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक तेलुगू कृती त्यांनी ध्वनिमुद्रिकेत गाऊन ठेवली. उत्तरेतला एक मुसलमान उस्ताद रामभक्त त्यागराजांची रचना गातो, हे आजही ऐकताना मन थक्क होते.

खाँसाहेबांच्या या वृत्तीचे आणखी एक उदाहरण सांगलीकडचे आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, म्हणजे आमच्यासारखेच सरकारी नोकर. श्रुतिशास्त्राचा त्यांना ध्यास होता. त्यांच्या जोडीला ई. क्लेमंट्स हे सिव्हिल सर्व्हिसमधील इंग्रज न्यायाधीश. बावीस श्रुतींची स्थाने निश्चित करण्याच्या त्यांच्या खटपटीत अब्दुल करीमखाँ सहभागी झाले. एक ब्राह्मण, एक इंग्रज आणि एक मुसलमान अशी तिघांची ही बैठक. राज्य इंग्रजांचे, पण त्या बैठकीत न्यायाधीश साहेब विद्यार्थी आणि गाणारा उस्ताद प्रमाण. त्यांचे सिद्धांत पुढे सर्वांनी मान्य केले असे नाही. परंतु कोण कोणाचे ऐकून घेतो आहे हे पाहिले, म्हणजे त्या बैठकीचे मोल कळते.

आणि यातून महाराष्ट्राला काय मिळाले? म्हैसूरकडे जाता-येता खाँसाहेबांचा मुक्काम धारवाडास असे. कुंदगोळच्या रामभाऊंना त्यांचे शिष्यत्व लाभले ते या निमित्ताने. या कानडी मुलाला मराठी रंगभूमीने ‘सवाई गंधर्व’ केले. धारवाडच्या अंबाबाई कर्नाटक पद्धतीने गात आणि स्वतः खाँसाहेब त्यांचे गाणे ऐकावयास जात. त्यांची कन्या गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांची शिष्या झाली. गदगचे भीमसेन जोशी हे दुसरे शिष्य. पुण्यास राहून त्यांनी मराठी संतांचे अभंग घरोघर पोहोचविले आणि कन्नड दासांची पदेही तितक्याच गोडीने गायिली. आज म्हैसूरच्या आपल्या घरांत आषाढी एकादशीला जे अभंग ऐकू येतात ते बहुधा या कानडी गळ्यातले असतात. एका उस्तादाने म्हैसूरच्या राजवाड्यात कान उघडे ठेवले, त्याचा प्रसाद तीन पिढ्यांना पुरला.

योगाची कथा याच राजवाड्यातून सुरू होते. कृष्णराज वाडियारांच्या आश्रयाने १९३३ मध्ये जगनमोहन पॅलेसमध्ये तिरुमलै कृष्णमाचार्य यांची योगशाळा सुरू झाली. आचार्य कर्मठ, तापट आणि परंपरेचे अभिमानी. १९३७ च्या सुमारास युजिनी पीटरसन नावाची, रिगा शहरी जन्मलेली एक युरोपीय बाई त्यांच्याकडे शिकावयास आली. ती स्त्री, त्यातून परदेशी; आचार्यांनी साफ नकार दिला. महाराजांनी शब्द टाकला तेव्हा त्यांनी तिला घेतले, तेही कडक अटी घालून. खाण्यापिण्याचे, उठण्याबसण्याचे सारे नियम तिने निमूटपणे पाळले. आणि मग काय झाले? ज्या गुरूने तिला दारातून परत पाठविले होते त्यानेच अखेरीस तिला जगात जाऊन योग शिकविण्याची आज्ञा केली. इंद्रादेवी या नावाने तिने १९३९ मध्ये शांघायला आणि पुढे हॉलीवूडला वर्ग काढले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की शिष्येइतकाच गुरूही बदलला. समोर बसलेला विद्यार्थी प्रामाणिक असेल, तर शिकविणाऱ्याच्या मनातील भिंतीही खचतात.

त्याच शाळेतला दुसरा विद्यार्थी तर आपल्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. कोलार जिल्ह्यातील बेल्लूरचा, प्रकृतीने किरकोळ असा एक मुलगा १९३४ मध्ये म्हैसूरला आपल्या बहिणीच्या यजमानांकडे, म्हणजे कृष्णमाचार्यांकडे, राहावयास आला. त्याचे नाव बी. के. एस. अय्यंगार. गुरूबरोबर उत्तर कर्नाटकाचा दौरा झाला तेव्हा बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांनी ती प्रात्यक्षिके पाहिली, आणि त्यांच्याच खटपटीने १९३७ मध्ये या अठरा वर्षांच्या मुलाला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे सहा महिन्यांचे बोलावणे आले. मराठीचा गंध नाही, इंग्रजी तोडकेमोडके, शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडे थांबलेले. शिकावयास येणारे त्याच्याहून वयाने, विद्येने आणि देहयष्टीने मोठे. पुणेकर हे कोणाला सहजासहजी गुरू मानणारे लोक नव्हेत, हे वाचकांना सांगावयास नको. तरीही त्यांनी या म्हैसूरच्या पोरापुढे हातपाय पसरून आसने शिकून घेतली. सहा महिन्यांसाठी आलेले अय्यंगार २०१४ मध्ये देहावसान होईपर्यंत पुणेकरच राहिले. १९५२ मध्ये जगद्विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन मुंबईत त्यांना भेटले आणि त्यांचे शिष्य झाले; १९६६ मध्ये त्यांचा योगावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला; १९७५ मध्ये पुण्यात त्यांच्या कै. पत्नीच्या नावाने संस्था उभी राहिली. पुण्याने त्यांना घर दिले आणि त्यांनी पुण्याचे नाव जगाच्या नकाशावर नेले.

पट्टाभि जोईस हेही याच योगशाळेतले. लक्ष्मीपुरममधील त्यांच्या लहानशा जागेत १९६४ मध्ये आंद्रे व्हान लीझबेथ हा बेल्जियन विद्यार्थी आला आणि पाश्चात्त्यांना म्हैसूरची वाट कळली. ती वाट पुढे गोकुलमला येऊन पोहोचली. आज येथे येणाऱ्यांचे आम्ही निरीक्षण करतो तेव्हा दोन तऱ्हा स्पष्ट दिसतात. काही जण दोन-तीन महिने येतात, आपल्याच देशबांधवांत वावरतात, आपल्या देशासारखी न्याहारी मिळेल ते हॉटेल शोधून काढतात, आणि भारताविषयीची आपली कल्पना घेऊन आले तशीच परत नेतात. दुसरे काही थोडे असे, की जे संस्कृतची अक्षरे गिरवितात, घरमालकिणीकडून सारू करावयास शिकतात, मृत्यू आणि बारसे दोन्हींना शेजारी जाऊन बसतात. पहिल्यांनी सहल केली. दुसऱ्यांची बुद्धी उदार झाली. दोघांचा रस्ता एकच, चटई एकच. फरक मनाच्या बैठकीचा.

येथे एक शंका उपस्थित होते, आणि परमुलखात मुले वाढविणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या मनात ती असते. दुसऱ्याचे इतके घेतले तर आपले काय राहील? मुले कन्नड बोलू लागली, इंग्रजीत विचार करू लागली, तर घरातले मराठी कोठे जाईल? ही भीती खोटी नाही. तिला उत्तर म्हणून आम्ही एकाच पुरुषाकडे बोट दाखवू. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म १८९६ मध्ये धारवाडला मराठी बोलणाऱ्या घरात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १९१८ मध्ये बी. ए. झाले. घरची भाषा मराठी, शिक्षणाचे गाव पुणे. तरी कविता त्यांनी कन्नडमध्ये लिहिली, आणि अशी लिहिली की कन्नड रसिकांनी त्यांना वरकवी म्हटले. ‘अंबिकातनयदत्त’ या टोपणनावात त्यांनी आपल्या आईचे नाव गुंफले आहे. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या ‘नाकु तंति’ या काव्यसंग्रहास मिळाला. परंतु यामुळे त्यांचे मराठी सुटले काय? मुळीच नाही. १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे त्यांनी सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कन्नड शिकविले आणि मराठीतही ‘संवाद’सारखे लेखन केले. त्यांच्या आयुष्यात एका भाषेने दुसरीला हाकलून दिले नाही.

कन्नडला आजवर आठ ज्ञानपीठ पुरस्कार लाभले आहेत. त्यांतील निदान तीन मानकऱ्यांची घरची भाषा कन्नड नव्हती: बेंद्र्यांची मराठी, मास्ती वेंकटेश अय्यंगारांची तामीळ आणि माथेरानला जन्मलेल्या गिरीश कर्नाडांची कोंकणी. मास्ती तर म्हैसूर सरकारच्या सेवेतील अधिकारी होते. परक्या घरातून आलेल्या लेकरांना एखाद्या भाषेने इतक्या मायेने मांडीवर घ्यावे, हे त्या भाषेचे मोठेपण. आणि आपल्या आईला न विसरता दुसरीलाही आई म्हणावे, हे त्या लेकरांचे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाप्रश्नाने दोन्ही बाजूंची मने दुखावलेली आहेत, याची आम्हांला जाणीव आहे. त्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा. सरकारी नोकराने त्यावर लेखणी चालवू नये, आणि प्रस्तुत लेखाचा तो विषयही नाही. पण वृत्तपत्रांत मजकूर तापला की आपल्या मुलांना शाळेत काय ऐकावे लागते, हे येथे राहणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. अशा वेळी इतिहासाची एक साक्ष त्यांना अवश्य सांगावी. पंढरपूरच्या देवळात इ. स. १२३७ चा जो लेख आहे त्यात होयसळ राजा सोमेश्वर याने विठ्ठलासाठी दिलेल्या गावाची नोंद असून तो संस्कृत व कन्नड भाषांत आहे. वारकऱ्यांच्या दैवताला संतांनी कानडा म्हटले ते उगाच नव्हे. पुरंदरदासांनी आपल्या पदांवर विठ्ठलाच्याच नावाची मुद्रा उमटविली. ज्या देवाच्या पायी दोन्ही भाषांनी मस्तक ठेवले, त्याच्या लेकरांनी एकमेकांना परके म्हणण्याचे कारण नाही.

येथे बदलून आल्यावर आमच्या शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांकडे आम्ही कन्नड अक्षरे गिरवावयास बसलो. पन्नाशीच्या पुढे पाटी हाती धरणे मोठे गमतीचे असते. कचेरीत ज्यांची टिप्पणी वाचून लोक कामाला लागतात, त्यांना ‘ळ’ आणि ‘ल’ यांवरून बोलणी खावी लागतात. पण थोड्याच दिवसांत आम्हांला कळले, की आपल्या वरणावरचे तूप म्हणजे कन्नडमधले ‘तुप्प’. आपले अण्णा आणि अक्का त्यांच्या घरातले. आणि आजोबांच्या पानाच्या तबकातला अडकित्ताही तिकडूनच आलेला. मास्तरांनीही बदल्यात मराठी शिकण्याची इच्छा दर्शविली, आणि कन्नड कचेऱ्यांत रुळलेले किती तरी शब्द पेशवाईच्या दप्तरातही सापडतात हे पाहून त्यांनाही कौतुक वाटले. शुद्ध मराठीचा अभिमान आम्हांला आजही आहे. फक्त तिच्या स्वयंपाकघरात कोणाकोणाचा हातभार लागला आहे हे आता ठाऊक झाले.

हे काम करणारी एक संस्था याच शहरात आहे. केंद्र सरकारने १९६९ मध्ये म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान स्थापन केले. त्याच्या प्रादेशिक केंद्रांत शाळाशिक्षकांना दुसऱ्या प्रांताची भाषा दहा महिने शिकविण्याची सोय करण्यात आली. मराठीचे केंद्र पुण्यास, दक्षिणेकडील भाषांचे येथे. ज्याने वर्षानुवर्षे वर्गात खडू हाती धरला, तो दहा महिने बाकावर बसतो आणि चुकतो, हसतो, पुन्हा म्हणतो. अशा शिक्षकाच्या हाताखाली गेलेल्या मुलांच्या मनात दुसऱ्या प्रांताविषयी आकस राहणे कठीण.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव, कोजागरी, नाटके, हळदीकुंकू हे सारे निष्ठेने सांभाळले. परमुलखात एकटे पडलेल्या किती तरी कुटुंबांना या व्यासपीठाने आधार दिला. ते कार्य चालू राहिलेच पाहिजे. ज्याला स्वतःचे घर नाही तो दुसऱ्याला काय बोलावणार? आता पुढील पर्वासाठी आमची नम्र सूचना एवढीच, की मंडळाच्या जागेत आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग भरावेत: एके दिवशी आपण कन्नड शिकावे, दुसऱ्या दिवशी आपल्या कन्नड शेजाऱ्यांना मराठी शिकवावे. गणेशोत्सवात एक दिवस दासांच्या पदांना द्यावा, आणि गाणाऱ्यांपुढे आपण श्रोते म्हणून नव्हे, तर ती पदे शिकणारे म्हणून बसावे. गोकुलमला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांपैकी ज्यांना इच्छा असेल त्यांनाही दार उघडे असावे. यास खर्च फारसा नाही. लागेल ती थोडी लवचीक मान.

या वर्गांना आज नावे नोंदविणारी मुले उद्या कोणत्या देशी जातील, कोण जाणे! ती जेथे जातील तेथे शेजार तर त्यांना लाभेलच. शिष्य होण्याची सवय मात्र घरातून आणि मंडळातून न्यावी लागते. ती त्यांना येथे लागो, आणि शतकमहोत्सवाच्या अंकात तिचा वृत्तांत कोणी तरी मराठीतून, व शेजारच्या पानावर कन्नडमधून, लिहो, ही सुवर्णमहोत्सवाच्या शुभप्रसंगी आमची मनःपूर्वक सदिच्छा.